बिअर थुंकायची नसते

माझा भाचा निखिल त्याच्या मित्रांशी माझी ओळख करून देताना म्हणतो, "ही माझी मावशी. हिला बिअर प्यायचा पगार मिळायचा." पोरं हसतात, मीही हसते. त्यात खोटं काही नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बिअरच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते, आणि रोज सकाळी अकरा वाजता बिअर चाखणं हा माझ्या कामाचाच भाग होता.

मध्यंतरी निखिल मला हल्लीच्या एका हॉटेलात घेऊन गेला. तिथे बिअर तिथल्या तिथेच बनवतात. काचेच्या भिंतीमागे चकचकीत टाक्या, टेबलावर जाडजूड पुठ्ठ्याची यादी. त्याने माझ्यासाठी बेल्जियन पद्धतीची काळी बिअर मागवली. "मावशी, तू एक्स्पर्ट ना? सांग आता कशी आहे." मी ग्लास नाकाशी नेला. खजूर, लवंग, जळकी साखर, आणि काळं पडेपर्यंत पिकलेलं केळं. मी ग्लास खाली ठेवला.

"काय झालं? खराब आहे?"

"नाही रे. चांगली आहे. अशीच असायला हवी."

तिथल्या त्या गाण्यांच्या गोंगाटात त्याला काय सांगणार? मग या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी काहीतरी मजेदार लिहा' म्हटलं, तेव्हा ठरवलं की हेच लिहायचं. मजेदार किती होईल ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आधी धंदा काय ते सांगते. बिअर चाखायला बसलो की आम्ही पाच जण असायचो. पोटात थोडी भूक असावी, म्हणून वेळ अकराची. कामावर येताना गजरा नाही, सेंट नाही, वासाचं तेल नाही, पान-तंबाखू नाही. रंगाने मन फसू नये म्हणून ग्लास गडद लाल काचेचे. आधी वास, मग घोट, मग गप्प बसायचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नाही, कारण साहेबांनी नाक मुरडलं की खालच्या माणसालाही आपोआप वास यायला लागतो. जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, नीट न पिकलेलीला लोण्याचा वास येतो. या सगळ्याला पुस्तकात लांबलचक नावं आहेत, पण आमच्या टेबलावर लोणी, पुठ्ठा, कुजकं अंडं असंच चालायचं.

मी नवी असताना पहिल्याच दिवशी घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. टेबलावर म्हात्रे मामा बसले होते. ते तळघराचे फोरमन, म्हणजे बिअर जिथे टाक्यांमध्ये मुरते तिथले प्रमुख. बदलापूरच्या बेलवलीचे, आगरी, गोल चेहरा, कानात बाळी. ते म्हणाले, "मॅडम, थुकाचा नाय. बियर गल्याखाली उतरली का मंग बोलते."

ते खरं आहे. वाइन चाखणारे थुंकतात म्हणे. बिअरचा कडूपणा मात्र जिभेच्या मागच्या टोकाला आणि घशात कळतो, म्हणून गिळावीच लागते. बिअर थुंकायची नसते. हा धंद्याचा पहिला धडा मला मामांनी दिला आणि मी तो डोळे मिटून पाळला.

आता माझी अडचण सांगते. आम्ही बौद्ध. माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणायचे, कुळगावात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना सांगायच्या. त्या पुढे म्हणायच्या, बाकी सगळे मागून. पाच शीलांमधलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. बाबासाहेबांनी आपल्याला माणसात आणलं आणि दारूने आपल्या किती माणसांना पुन्हा मातीत घातलं, हे त्या पोराबाळांना अशा तळमळीने सांगायच्या की ऐकणाऱ्याला रडू यावं. त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ दारूने गेला होता. आणि त्यांची सून रोज अकरा वाजता बिअर प्यायची.

नवऱ्याला माहीत होतं. विलास शाळेत शिक्षक, शांत माणूस. "ती औषधासारखी घेते ना, झालं," म्हणायचा. पण आईंना सांगायची त्याचीही छाती नव्हती. आईंना आम्ही सांगितलं होतं की मी टॉनिकच्या कंपनीत आहे. संध्याकाळी सुटले की बडीशेप चघळत यायचे आणि घरात शिरल्याबरोबर आधी मोरीत जाऊन चुळा भरायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आली का गं?" आणि मी तोंडात चूळ धरूनच हुंकार द्यायचे. विहारात पाचवं शील आलं की मी नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचे नाही. मी मनाशी हिशोब मांडला होता: चौथं शील खोटं न बोलण्याचं, तेव्हा पाचवं मोठ्याने म्हटलं तर चौथंही मोडतं. टॉनिकच्या कंपनीने ते रोजच मोडत होतं, हे मी सोयीने विसरत असे.

एकदा उल्हासनगरच्या एका दुकानदाराने बिअरचे खोकेच्या खोके परत पाठवले. तक्रार अशी, की बिअरला चिचुंद्रीचा वास येतो. केळकर साहेबांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, मला बघायला पाठवलं. दुकान परसरामकाकांचं. एका गाळ्यात केमिकलचा धंदा, शेजारच्या गाळ्यात वाइन शॉप, मधे एक दार, आणि काका दिवसभर या गाळ्यातून त्या गाळ्यात. शोभेसाठी त्यांनी बाटल्या फळीवर अशा मांडल्या होत्या की दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर पडावं. हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअरला खरंच तसा वास येतो. मी त्यांना दोन बाटल्या हुंगायला दिल्या, एक फळीवरची आणि एक मागच्या अंधारातली.

काका हुंगून म्हणाले, "अदी, गलती मेरी है. मैं तो बोला कंपनीवालों ने चूहा डाल दिया." सिंधीत अदी म्हणजे ताई. त्यांनी तिथल्या तिथे फळीला पडदा लावला, मला पापड आणि सरबत दिलं, आणि पुढे आमच्या कंपनीला केमिकलही तेच पुरवायला लागले. उल्हासनगरच्या मालाविषयी लोक काय काय बोलतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी एवढंच सांगेन की त्या माणसाला चूक दाखवली की तो ती पटकन मान्य करायचा. हे पुढे उपयोगी पडलं.

नव्वदच्या दशकात सगळ्यांनाच काहीतरी परदेशी करायची घाई झाली होती. आमच्या मालकांचा मुलगा, धाकटे साहेब, बेल्जियमला जाऊन आला आणि तिथली काळी बिअर त्याच्या डोक्यात बसली. तिथून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला, सोबत यीस्टची बाटली बाळासारखी जपत. आमची नेहमीची बिअर थंडीत, सावकाश मुरायची. ही उबेत फसफसते आणि मग तिला थंड करून मुरवायचं असतं. म्हाताऱ्याने थोडे दिवस शिकवलं, आम्हाला नमस्कार करायला शिकला आणि परत गेला. मोठ्या टाक्या नेहमीच्या मालात गुंतलेल्या, म्हणून काळ्या बिअरसाठी तळघराच्या कोपऱ्यातली एक जुनी लहान टाकी काढली.

इथे टाकीविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. बिअरची टाकी दुहेरी भिंतीची असते. आत बिअर, आणि दोन भिंतींच्या मधून थंडगार द्रव फिरतो. आतली भिंत कुठे झिजली, तर तो द्रव बिअरमध्ये उतरतो. आमच्याकडे पूर्वी या कामाला मिठाचं पाणी असायचं. गळती झाली की बिअर खारट. पहिल्या घोटाला कळायचं आणि टाकी बंद. म्हात्रे मामा रोज प्रत्येक टाकीच्या तोटीखाली बोट धरून चाटायचे. "खारी नाय," म्हणायचे आणि पुढे जायचे. पूजेला निघालेला माणूस घंटा वाजवतो तसं ते चालायचं. पण मीठ लोखंडाला खातं, म्हणून त्याच वर्षी मिठाचं पाणी काढून ग्लायकॉल नावाचा द्रव घातला. ते पाण्यासारखंच दिसतं, फक्त किंचित दाट. चव गोड असते.

चव गोड असते हे लॅबमधल्या आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी टाकीपाशी उभं राहिलं की आमची जीभ मीठच शोधायची.

काळी बिअर पहिल्यांदा चाखली तो दिवस मला आठवतो. इतकी वर्षं मी बिअर काम म्हणून प्याले होते, काढा प्यावा तशी. ही मला आवडली. घोट उतरल्यावर दुसरा घ्यावासा वाटला, आणि तेव्हाच मी घाबरले. आजवर मी स्वतःला सांगत होते, की मी पीत नाही, तपासते. त्या दिवशी मी प्याले. मामा मिश्कील हसले आणि ड चा र करणाऱ्या त्यांच्या आगरी बोलीत म्हणाले, "मॅडमना आवरली!"

मामांच्या धाकट्या मुलीचं, जयूचं, लग्न ठरलं होतं. घरात लग्न असलं की कामगाराला टाकीतून एक मोठा कॅन भरून द्यायचा, ही आमच्या कंपनीची जुनी रीत. मामांनी केळकर साहेबांकडे हट्ट धरला, "काली बियरच द्या. व्याह्यांना पाजाची. त्यांनी जन्मान पायली नसंल." साहेब हो म्हणाले.

हळदीच्या दिवशीही मामा कामावर आले होते, अर्ध्या दिवसासाठी. तशी त्यांची पद्धतच. अकराला आम्ही टेबलावर बसलो. त्या दिवशी काळ्या बिअरची दुसरी चाचणी होती. वास तोच, खजूर आणि लवंग. पण घोट उतरल्यावर मला काहीतरी वेगळं वाटलं. पहिल्या वेळी गोडवा आधी आला होता आणि मागून जळक्या साखरेचा कडूपणा येऊन त्याला घेऊन गेला होता. या वेळी गोडवा जाईना. ओठांवर बसून राहिला, तेलकट. मी दुसरा घोट घेतला. तसंच.

"गोड जास्त आहे," मी म्हटलं.

केळकर साहेब म्हणाले, "ही जातच गोड आहे सुनंदाबाई. आणि मुरतेय अजून. आपल्याला सवय नाही."

मामा म्हणाले, "गोर हाय त बरा हाय ना! हलदीला गोरच लागतं." त्यांनी चाचणीतून उरलेल्या बिअरचा जग जवळ ओढला आणि आमच्या देखत निम्म्याहून अधिक रिकामा केला. त्यांना रोखायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. मामांना बिअर चढल्याचं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मग मला म्हणाले, "संध्याकाली यायचा हाय, मॅडम. विसराचा नाय." आणि कॅन रिक्षात घालून, डोक्याला रुमाल बांधून गेले. मी आहेराचा कुकर सकाळीच कागदात गुंडाळून आणला होता. माझ्याही मनात संध्याकाळचीच घाई होती.

दुपारी तीनच्या सुमारास पंपावरचा शिंदे लॅबमध्ये आला. केमिकलच्या खोलीची चावी आमच्याकडे असायची. "म्हात्रे मामा सांगून गेलेत. कोपऱ्यातल्या टाकीचं ग्लायकॉल परत भरायचंय."

"परत म्हणजे?"

"या आठवड्यात दोनदा भरलं मामांनी. पंपातून गळत असेल."

मी चावी हातात घेऊन त्याच्याबरोबर खाली गेले. पंपाखाली वाकून जमिनीवर हात फिरवला. जमीन कोरडी होती. सगळीकडे फिरवला. कोरडी. पाणी असतं तर म्हटलं असतं, उडून गेलं. ग्लायकॉल उडत नाही. जिथे सांडेल तिथे आठवडाभर चिकट पडून राहतं. दोन वेळा भरलेलं ग्लायकॉल जमिनीवर नव्हतं, तर ते कुठे गेलं होतं?

माझ्या ओठांवर अजून तो गोडवा होता. निदान मला तसं वाटलं. मी ओठ पदराने इतके पुसले की सोलवटले.

केळकर साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्यांनीही गिळलं होतं. आम्ही पाचही जणांनी गिळलं होतं. मिठाच्या पाण्याने वर्षानुवर्षं जुन्या टाकीची भिंत आतून खाल्ली होती, आणि आता मीठच नव्हतं खारट लागायला. ते हळू आवाजात म्हणाले, "ग्लायकॉल दोन प्रकारचं असतं. एक खाण्यातही चालतं. दुसरं..." दुसरं विष, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दिसायला दोन्ही सारखी. आमच्या लॅबमध्ये ती ओळखायची सोय नव्हती आणि मुंबईला नमुना पाठवून उत्तर यायला दोन दिवस लागले असते. बेलवलीत हळद संध्याकाळी होती.

मी परसरामकाकांना फोन लावला. लाइन लागेना. पुन्हा पुन्हा फिरवत होते, बोट दुखायला लागलं. शेवटी लागला.

"काका, हमको ग्लायकॉल कौनसा दिया?"

"गाडी का, अदी. रेडिएटर में डालते हैं ना, वही. आपके आदमी ने बोला मशीन ठंडा करने का है."

मी रिसीव्हरवर हात ठेवून केळकर साहेबांना म्हटलं, "दुसरं आहे."

"अदी? किसी ने पिया क्या?"

"हां."

पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. मग काका म्हणाले, "आप गेट पे खडे रहो. मैं गाडी लेके आता हूं."

मामांच्या घरी फोन नव्हता. कंपनीची गाडी धाकट्या साहेबांनी मुंबईला नेलेली. केळकर साहेब टाकीला कुलूप लावून बाकीच्या दोघांना घेऊन डॉक्टरकडे निघाले. मामांचं घर मलाच माहीत होतं. काकांच्या जुन्या फियाटमध्ये मी पुढे बसले. मांडीवर कुकर होता, कुणास ठाऊक का उचलला होता. काका तोंडातल्या तोंडात झूलेलालचं नाव घेत होते आणि मधेच म्हणत होते, "मैंने पूछना चाहिये था. बियर की कंपनी है, मैंने पूछना चाहिये था." बदलापुरात रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी जात होती, संपता संपेना. मी स्वतःलाच तपासत होते. पोट दुखतंय का? डोळ्यांसमोर काही येतंय का? माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिच्या वेण्या उद्या कोण घालेल, असला विचार येऊन गेला. त्या डब्यांचा खडखडाट आजही कानात आहे.

मांडव लांबूनच दिसला. धवलारिणी, म्हणजे आगरी लग्नात गाणी म्हणणाऱ्या बायका, सूर लावून बसल्या होत्या. जयू पाटावर, पिवळीधमक. एका बाजूला बर्फाच्या घमेल्यात आमचा कॅन, आणि त्याभोवती मामांचा धाकटा भाऊ पांडू आणि व्याह्यांकडची माणसं पेले घेऊन. पेले अजून रिकामे होते. मामींनी देवाला दाखवल्याशिवाय कॅन उघडू नका म्हणून सांगितलं होतं, हे मला मागून कळलं.

आणि मामा. मामा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. डोळे लाल, जीभ जड, पायात पाय अडकत होते. समोर ओकल्याचा डाग होता. बाया पदराआडून हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पोरीचे हलदीला बापूस जाम झालाय!" जयूची मान खाली होती. तिला लाज वाटत होती, ते स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्या बिअरने मामांना चढणं शक्य नव्हतं. या माणसाला मी अकरा वर्षं रोज पिताना बघितलं होतं. त्याचा हात कधी हलला नाही, जीभ कधी अडखळली नाही. सगळा मांडव एका दारुड्या बापाला बघत होता, आणि मला दिसत होतं की माझ्यासमोर विष चढलेला माणूस उभा आहे.

मी कॅनपाशी जाऊन झाकणावर हात ठेवला. "ही कुणी प्यायची नाही. यात विष आहे."

आधी सगळे हसले. पांडू म्हणाला, "ताई, दारूला समदेच इक म्हनतान. म्हनून कोन सोरलीय?" त्याने माझा हात बाजूला करायला हात पुढे केला. व्याह्यांमधला एक मोठ्याने म्हणाला, "पावन्यांना पाजाची नसंल त सरल सांगा ना." मामांनी मान वर केली. मला ओळखलं की नाही कळेना. "मॅडम, गोर हाय, गोर हाय," एवढंच म्हणाले.

तिथेच खुर्च्यांवर आमच्या विहारातले कांबळे गुरुजी बसलेले मला दिसले. जयूला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून आले होते. ते आईंना बहीण मानायचे. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. एक क्षण वाटलं, गप्प बसावं, काकांनी बोलावं. पण काकांचं कोण ऐकणार होतं?

"मी बिअरच्या कंपनीत आहे," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की धवलारिणी थांबल्या. "अकरा वर्षं रोज बिअर पिते मी. मामांच्या शेजारी बसून पिते. हीसुद्धा आज प्याले. मला माहीत आहे बिअर कशी लागते, आणि ही बिअर नाही राहिलेली. मामा दारूने झिंगलेले नाहीत, त्यांना विषबाधा झालीय. मला धरा, मारा, पण आधी त्यांना गाडीत घाला."

मग मामी पुढे आल्या. हातात हळदीची वाटी. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, त्यांच्या कपाळाला हात लावला, वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तो कॅन उचलून मांडवाबाहेर उलटा केला. काळी बिअर मातीत फेसाळत गेली. "पांडू," त्या म्हणाल्या, "दादाला उचल."

उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मामांचा श्वास धापा टाकल्यासारखा झाला होता. मी डॉक्टरांना द्रवाचं नाव सांगितलं. तरुण डॉक्टर होता, नशिबाने त्याने ते पुस्तकात वाचलं होतं. तो पांडूला म्हणाला, "दारू आणा. साधी, चांगल्या दुकानातली. आत्ता." पांडूला वाटलं डॉक्टर थट्टा करतोय. पण या विषावर उतारा दारूचाच. शरीर आधी दारूच्या मागे लागतं, आणि तेवढा वेळ ग्लायकॉलचं विष होत नाही. म्हणजे सकाळी त्याच जगमधून प्यायलेल्या बिअरने मामांना संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं होतं, आणि बिअर उतरायला लागली तसं ते कोसळत होते. परसरामकाका स्वतःच्या दुकानातून बाटल्या घेऊन आले आणि दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसून राहिले.

मला तपासून डॉक्टर म्हणाले, "दोन घोटांनी बहुतेक काही होणार नाही. पण दोन दिवस लक्ष ठेवा. लघवी होतेय ना ते बघा. थांबली तर लगेच घेऊन या."

मी घरी गेले तेव्हा आई दारातच उभ्या होत्या. कांबळे गुरुजी माझ्या आधी पोचले होते. विलास मागे, मान खाली घालून. मी बडीशेप खाल्ली नव्हती. मोरीत गेले नाही. तिथेच उभी राहिले. मामांचं काय होईल याची भीती एकीकडे, माझ्या पोटात काय चाललंय याची दुसरीकडे, आणि तरी खरं सांगते, त्या क्षणी सगळ्यांत जास्त भीती मला त्या बाईच्या तोंडातून येणाऱ्या पहिल्या शब्दाची होती.

आई म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून आत नेलं. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याशी एकच विषय काढला. मी झोपलेली असो, मुलीला जेवण भरवत असो, त्या येऊन विचारायच्या, "लघवीला झालं का गं?" हो म्हटलं की जायच्या. तासाभराने पुन्हा यायच्या. एकदा मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायला लागले. त्या तिथेच बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू नकोस, पाणी कमी होतं अंगातलं. हे पी." आणि तांब्या पुढे केला.

मामा वाचले. जयूचं लग्न दुसऱ्या दिवशी तिच्या काकाच्या, पांडूच्या, हातून लागलं, पण हळदीत बाप झिंगला होता असं पुढे कुणी म्हणालं नाही, कारण मांडवात जे बोलायचं ते मी बोलले होते. मामांचं मूत्रपिंड मात्र निम्मं गेलं. ते बऱ्याच महिन्यांनी कामावर आले, तळघरात फिरले, पण टेबलावर परत बसले नाहीत. एकदा मी आग्रह केला तर एक घोट घेतला आणि बेसिनकडे गेले. मला थुंकू नको म्हणणारा माणूस. मी तोंड फिरवलं. काळी बिअर आमच्याकडे पुन्हा झाली नाही, टाकी भंगारात गेली, आणि कंपनीत या विषयावर जाहीरपणे कुणी कधी बोललं नाही. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होते आणि रोज गिळत राहिले, पण प्रत्येक घोटानंतर पदराने ओठ पुसायचे. आजही चहा जास्त गोड लागला तर मी कप ठेवून देते.

राहिला हळदीनंतरचा रविवार. मी विहारात जाणार नव्हते. आईंनी साडी काढून ठेवली आणि म्हणाल्या, "चल." सगळ्यांना कळलं होतं, माना वळत होत्या. आई नेहमी पुढे बसून वंदना सांगायच्या. त्या दिवशी त्या पुढे गेल्या नाहीत. कांबळे गुरुजींना म्हणाल्या, "आज तुम्ही सांगा," आणि माझ्या शेजारी, उजव्या हाताला, सतरंजीवर बसल्या. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं, आई सगळ्यांच्या वर आवाज लावून म्हणत होत्या. पाचवं आलं. मी सवयीने गप्प झाले. आता ओठ हलवण्यातही अर्थ नव्हता. गुरुजींच्या मागून अख्खा विहार म्हणत होता, पण माझ्या उजव्या कानाशी आवाजच नव्हता. मी वळून बघितलं. आई समोर मूर्तीकडे बघत, हात जोडून, तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या.